स्टार्ट कुठं गेलं?

विंडोजचा आणि दिवाळीचा मुहूर्त अनेकदा एकाच सुमाराला येतो. विंडोज एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. सेव्हन २२ ऑक्टोबर २००९ ला, एट २६ ऑक्टोबर २०१२ ला, एट पॉइंट वन पुढच्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आणि इलेव्हन ५ ऑक्टोबर २०२१ ला. अमेरिकेतल्या वर्षअखेरच्या खरेदीआधी नवा माल दुकानात लागला पाहिजे, हा तिकडचा हिशेब. आपल्याकडे त्याच दिवसांत माळे उतरवले जातात, भांडी घासली जातात आणि बंद पडलेल्या वस्तू भंगारवाल्याकडे जातात. २०२५ साली तर मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनची नेहमीची देखभाल थांबवायला १४ ऑक्टोबर ही तारीख धरली. तीन दिवसांनी वसुबारस होती.

म्हणजे त्या दिवाळीत देशभरातल्या असंख्य संगणकांच्या मालकांना एकच प्रश्न पडला: चालतं यंत्र भंगारात काढायचं की काय? इलेव्हनच्या अटी कडक. सुरक्षेसाठीची टीपीएम २.० ही सोय यंत्रात हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ च्या अलीकडचा हवा. त्याआधीची यंत्रं नीट चालत असली तरी अधिकृतपणे बाद. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची जादा मुदत मिळाली. पण ती सुरक्षेच्या डागडुजीपुरती, आणि तीही आपण होऊन नाव नोंदवलं तरच.

नव्या विंडोजबद्दलची चर्चा आपण बहुतेक वेळा इंग्रजी वृत्तपत्रांतल्या तंत्रज्ञानाच्या पानांवर वाचतो. तिथं बोलणारा माणूस एका ठरावीक जातीचा असतो. संगणक त्याच्या हौसेचा भाग, नव्या गोष्टींची त्याला चटक आणि रागही तितकाच चटकन येणारा. ज्यांना हा बदल खऱ्या अर्थानं भोवतो, ती माणसं त्या पानांवर नसतात. ती ओव्यासारख्या ठिकाणी असतात.

गाव, कॅम्प आणि काउंटर

ओवे हे पनवेल तालुक्यातलं, खारघर आणि तळोजाच्या पट्ट्यातलं गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा आराखडा पडला, त्यात हा पट्टाही आला. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. ओवे तिच्या हद्दीत गेलं. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो याच भागातून धावू लागली. नकाशावर सेक्टर आले, प्लॉटचे आकडे आले. तरी रिक्षावाल्याला लोक अजून ‘ओवे कॅम्प’ असंच सांगतात, आणि रिक्षा बरोबर पोचते. नवी पत्ता-पद्धत आली म्हणून जुनी पुसावी लागली नाही. दोन्ही चालतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र एका रात्रीत सेक्टरच उरतात आणि गाव नाहीसं होतं.

अशा वस्त्यांमध्ये संगणक म्हणजे काय, हे कळायला झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं. काचेवर चिकटवलेल्या पाट्या: पॅनकार्ड, रेशनकार्ड, लाइट बिल, रेल्वे तिकीट, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आत एक यंत्र, त्याला जोडलेला प्रिंटर, स्कॅनर, कधी बोटाचा ठसा घेणारी डबी. समोर काउंटरला टेकलेली रांग. यातल्या प्रत्येकाच्या हातात कागदांची पिशवी आणि मनात शेवटच्या तारखेची धास्ती. काउंटरमागचा मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकलेली असतेच असं नाही. बहुधा एमएस-सीआयटी केलेलं असतं आणि बाकी सगळं हातानं कमावलेलं.

हातानं कमावलेलं याचा अर्थ इथं अक्षरशः घ्यायचा. आधार कार्ड स्कॅन करायचं, दोन्ही बाजू एका पानावर घ्यायच्या, फाइलचा आकार पोर्टलला चालेल इतका कमी करायचा, अपलोड करायची, पावती छापायची. ही साखळी तो दिवसभरात कितीदा तरी फिरवतो. प्रत्येक वेळी तो पडद्यावरची अक्षरं वाचत नाही. खालचा डावा कोपरा, मग वर, मग उजवं बटण, मग तिसरी ओळ, अशी ती वाट बोटांना पाठ असते. डोळे गिऱ्हाइकाकडे, तोंडात पुढचा प्रश्न, ‘जन्मतारीख सांगा’, आणि हात आपलं काम करत असतो. त्याची रोजची कमाई या न बघता चालणाऱ्या हातावर उभी असते.

कोपऱ्याचं महत्त्व

१९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांडलेला एक नियम पडद्याची मांडणी करणारे आजही वापरतात. नेमक्या जागी पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ती जागा किती लांब आहे आणि किती मोठी आहे. पडद्याचा कोपरा या हिशेबात फार उदार असतो, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यातच अडतो. नेम धरावा लागत नाही. विंडोज ९५ मध्ये स्टार्टचं बटण आणि पडद्याची कड यांच्यात बारीकशी फट राहिली होती, त्यामुळे अगदी टोकाला नेलेला बाण बटणाबाहेर पडायचा. पुढच्या आवृत्त्यांत ती फट बुजवली.

हे ध्यानात घेतलं की इलेव्हनबद्दलची पहिली तक्रार समजते. तिच्यात स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून खालच्या पट्टीच्या मध्यावर आणलं. एकेक कार्यक्रम उघडत गेलात की मधली चिन्हं पसरतात आणि स्टार्ट थोडंथोडं डावीकडे सरकतं. दिसायला सुबक, पण ज्याचा हात न बघता जातो त्याचा बाण दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडतो. सेटिंगमध्ये जाऊन बटण पुन्हा डावीकडे नेता येतं, एवढं बरं. खालची पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय मात्र इलेव्हन आली तेव्हा काढून टाकलेली होती. फाइल ओढून पट्टीवरच्या कार्यक्रमात टाकणंही बंद झालं होतं. ओरड झाल्यावर ते २०२२ च्या आवृत्तीत परत आलं. एकाच कार्यक्रमाच्या दोन खिडक्या नावानिशी वेगळ्या दिसण्याची सोय परत यायला २०२३ उजाडलं.

पडदा बघून केलेला बदल

बदलाला विरोध होतोच, लोकांना काय, चार दिवस कुरकुर करतील आणि मग सवय होईल, हे उत्तर ऐकायला शहाणपणाचं वाटतं. इतिहास मात्र याला पूर्ण साथ देत नाही. काही बदल लोकांनी आनंदानं उचलले आणि काही कंपनीला गिळावे लागले. फरक कुठं पडला, ते पाहण्याजोगं आहे.

विंडोज ९५ हा या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा बदल होता. त्याआधीच्या विंडोज ३.१ मध्ये ‘प्रोग्राम मॅनेजर’ नावाची खिडकी असे आणि तिच्यात चिन्हांच्या छोट्या खिडक्या. ९५ नं ते सगळं मोडून खाली पट्टी आणली आणि कोपऱ्यात स्टार्ट बसवलं. हा बदल करताना कंपनीनं नवख्या आणि सरावाच्या माणसांना यंत्रासमोर बसवून ती कुठं अडखळतात ते पुन्हा पुन्हा पाहिलं. दोनदा टिचकी मारणं नवख्यांना जमत नाही, एका खिडकीमागे दडलेली दुसरी खिडकी त्यांना हरवल्यासारखी वाटते आणि रिकाम्या पडद्यासमोर सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही, हे त्यातून दिसलं. म्हणून बटणावर नुसतं चिन्ह न ठेवता ‘स्टार्ट’ असं लिहिलं. शिवाय इथं टिचकी मारा असं सांगणारा एक हलता बाण पट्टीवर धाडला. आणि इतकं करूनही जुना प्रोग्राम मॅनेजर आत ठेवलाच होता. ज्याला नवं रुचणार नाही त्यानं जुनं उघडावं. एक्सपीनं स्टार्टच्या यादीचं रूप पालटलं तेव्हाही ‘क्लासिक’ यादी हाताशी होती, ती विंडोज व्हिस्टापर्यंत टिकली. सेव्हनमध्ये ती गेली.

मग माणसं बघण्यापेक्षा टिचक्या मोजण्यावर भर वाढत गेला. वापरणाऱ्यानं संमती दिली तर त्याच्या यंत्रावरचा वापर कंपनीला कळवणारी सोय ऑफिस २००३ मध्ये होती. त्या नोंदींतून बरंच काही कळलं. वर्डमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी आज्ञा पेस्ट. ती, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांतच एकूण वापराचा सुमारे ३२ टक्के हिस्सा. तोवर वर्डमध्ये तीसेक टूलबार साचले होते आणि लोक ज्या सोयी मागत त्यातल्या कित्येक आधीच आत कुठंतरी पडून होत्या. म्हणून ऑफिस २००७ मध्ये मेनू काढून वरची रुंद ‘रिबन’ आली. हेतू चांगला होता आणि रिबन शेवटी टिकलीही. पण तिच्याबरोबर ‘फाइल’ हा शब्द गेला. त्या जागी एक गोल, बिननावाचं बटण आलं. लोकांना ते कंपनीचं शोभेचं चिन्ह वाटलं. प्रिंट कुठून द्यायची, हा प्रश्न कार्यालयाकार्यालयांतून विचारला गेला. ऑफिस २०१० मध्ये ‘फाइल’ मुकाट्यानं परतली.

विंडोज एटनं हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. २०१० मध्ये आयपॅड आला होता आणि बोटानं चालणाऱ्या पडद्यांचं युग दारात आहे, हे कंपनीला कळत होतं. शिवाय व्हिस्टाच्या तुलनेत सेव्हनमध्ये स्टार्टच्या यादीचा वापर ११ टक्क्यांनी उतरला आहे, असं तिच्या नोंदी सांगत होत्या. तेव्हा स्टार्टचं बटणच काढलं आणि पडदाभर चौकोनी फरशा मांडल्या. यंत्र बंद करायचं तर उजव्या कोपऱ्यात बाण न्यायचा, मग बाजूनं एक पट्टी सरकून येणार, तिच्यात सेटिंग, त्यात पॉवर आणि त्यात शटडाउन. संगणक बंद कसा करायचा हे विचारावं लागणं, ही नामुष्की रोज संगणकावर बसणाऱ्यांवर आली. विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की एट आल्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीतून बाहेर पडले. वर्षभरात बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज टेनमध्ये यादीही परतली.

११ टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता. पण तो कुणाचा होता? ज्यांच्या यंत्रावर रीतसर विकत घेतलेली प्रत होती, इंटरनेट होतं आणि ज्यांनी माहिती पाठवायला होकार दिला होता, त्यांचा. इंटरनेट नसलेलं तलाठी कार्यालयातलं यंत्र त्यात कसं येणार? पाचशे रुपयांत ‘विंडोज टाकून’ घेतलेलं दुकानातलं यंत्र कसं येणार? आणि जो माणूस फक्त स्टार्टवाटेच सगळीकडे जातो, त्याची एक टिचकी आणि हौशी माणसाची एक टिचकी मोजणीत सारखीच ठरते.

इलेव्हनमध्ये उजव्या बटणाची यादी छोटी झाली. कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन त्यांची बारीक चिन्हं आली. ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत त्या चिन्हांखाली शब्द पुन्हा लिहावे लागले. २००७ मध्ये शब्द काढला, २०१० मध्ये परत आला. २०१२ मध्ये बटण काढलं, २०१३ मध्ये परत आलं. २०२१ मध्ये पुन्हा शब्द काढले, २०२४ मध्ये पुन्हा आले. प्रत्येक वेळी सवय होईल असंच म्हटलं गेलं होतं.

वेलांटी आधी की नंतर?

तरीही कुरकुर नेहमी बरोबरच असते, असं म्हणता येणार नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा मराठी टंकलेखनात आहे.

टाइपरायटरवर शिकलेला माणूस ‘कि’ कसा टाइप करायचा? आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं त्याच क्रमानं. ‘र्क’ लिहायचा तर आधी क, मग त्याच्या डोक्यावर रफार. अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा संचांतले जुने फाँट आले, तेव्हा टंकलेखकाला हाच दिसण्याचा क्रम संगणकावरही ठेवता आला. त्याचा हात सुखात राहिला. पण आतमध्ये तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. ती फाइल फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, ईमेलनं पाठवता येत नाही.

युनिकोडनं हे बदललं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात: आधी क, मग वेलांटी. रफारासाठी आधी र, मग हलन्त, मग क. सरकारनं १९८० च्या दशकात प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलकही याच क्रमानं चालतो. पण तीस-चाळीस वर्षं वेलांटी आधी मारलेल्या बोटांना हे सांगणार कोण? लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मिनिटाला मराठी ३० शब्दांची अट आहे, त्या वेगाला पोचलेला हात क्रम बदलला की पुन्हा नवशिक्या होतो. त्यात यंत्राचीही अडवणूक होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, पण एक्सपीत ती मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. कार्यालयातली ती सीडी कुणाच्या कपाटात आहे, हे कुणालाच माहीत नसे. व्हिस्टापासून ती कटकट संपली. २०१९ च्या विंडोज टेनमध्ये रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलकही यंत्रातच आला.

या बदलाविरुद्ध कुरकुर करणारे टंकलेखक चुकीचे होते का? त्यांचा त्रास खरा होता, पण बदलही अटळ आणि हिताचा होता. आज ओव्यातला माणूस फोनवर मराठीत शोध घेतो, सरकारी निर्णयांमधला शब्द शोधता येतो, ते त्यामुळेच. आणि तोडगाही निघाला. जुन्या टाइपरायटरच्या क्रमानं कळा दाबल्या तरी आत युनिकोड साठवणारे कळफलक तयार झाले. बोटांची वाट तीच राहिली आणि गाठोडं मात्र नवं झालं. आतली व्यवस्था बदलताना बाहेरचा हात जपता येतो, हे यातून सिद्ध झालं.

तक्रार पोचते कुठं?

विंडोजमध्ये तक्रार नोंदवायला ‘फीडबॅक हब’ आहे. काउंटरवर रांग असताना तिथं जाऊन कोण लिहिणार? आपल्याकडची तक्रार वेगळ्या मार्गानं जाते. संगणक दुरुस्त करणाऱ्या पोराला फोन जातो: ‘फॉरमॅट मार आणि जुनीच टाक.’ एट आली तेव्हा लोकांनी नव्या यंत्रांवर सेव्हन टाकून घेतली. काहींनी ‘क्लासिक शेल’ नावाचा फुकट कार्यक्रम घालून जुनं स्टार्ट परत आणलं. टेनच्या वेळी उलटं झालं. कोपऱ्यात वारंवार येणारी सूचना बंद करायला लोकांनी फुलीवर टिचकी मारली आणि ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप टेनवर गेलं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा लावून १०,००० डॉलर मिळवल्याची बातमी २०१६ मध्ये जगभर गाजली. पनवेलच्या बाजारात ज्याचं असं यंत्र बदललं, त्यानं पुन्हा पाचशे रुपये मोजून जुनी विंडोज टाकून घेतली. हा आपला निषेध. तो कुठल्या मोजणीत येत नाही, आणि त्याची किंमतही आपणच मोजतो: देखभाल संपलेलं, चोरीची प्रत असलेलं यंत्र, त्यावर लोकांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं.

आपल्या सरकारी व्यवस्थेनं या कोंडीत भरच घातली. कित्येक सरकारी संकेतस्थळं वर्षानुवर्षं इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट चालायची. डिजिटल सहीची चावी लावायची तर तोच हवा, जावाची ठरावीक आवृत्ती हवी. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनवर एक्सप्लोरर बंद केला आणि एज या नव्या ब्राउझरात जुनी संकेतस्थळं उघडण्याची एक वेगळी रीत दिली. ती कुठं दडली आहे हे काउंटरवरच्या मुलीनं इतरांना विचारून शोधायचं. बँकांचंही फारसं वेगळं नव्हतं. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली, तरी एटीएम यंत्रांवरून ती काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये टप्प्याटप्प्यानं मुदत आखून द्यावी लागली.

एक उदाहरण मात्र वेगळं आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी ‘माया’ ही उबंटूवर आधारलेली प्रणाली बसवायचं ठरवलं. आतलं सगळं बदललं, पण पडदा विंडोजसारखाच दिसेल आणि वागेल असा ठेवला. सुरक्षेसाठी एवढी मोठी उलथापालथ करणाऱ्यांनाही कारकुनाच्या बोटांची वाट मोडणं परवडणारं नव्हतं. ॲपलसारख्या कंपनीलाही पडद्यातल्या बदलाची ओरड चुकली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिनं फोन आणि मॅकचा पडदा काचेसारखा पारदर्शक केला, अक्षरं वाचता येत नाहीत अशी तक्रार झाली आणि काही आठवड्यांत काच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय द्यावा लागला.

बदलाचं वेळापत्रक

म्हणजे प्रश्न बदल हवा की नको, हा नाहीच. प्रश्न तीन आहेत. बदलाचा फायदा कुणाला आणि शिकण्याचा खर्च कुणाला? जुनी वाट किती दिवस खुली राहणार? आणि बदल कधी होणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या कचेरीत ठरतात, तिथं आपला आवाज क्षीण आहे. तिसरं उत्तर मात्र मुंबईत ठरू शकतं. ओव्याच्या काउंटरवर वर्षातला सगळ्यात जीवघेणा काळ जूनचा. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, प्रवेशांची धांदल आणि प्रत्येकाला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर हवं. त्याच दिवसांत पोर्टलचं रूप पालटलं, बटणं हलली किंवा ब्राउझरची अट बदलली, तर त्याची झळ ज्याचं अर्ध्या तासाचं काम आता दोन तासांवर गेलं त्या मुलाला आणि ज्याची तारीख उद्या संपते आहे त्याला बसते.

यावर करता येण्यासारखं थोडंच आहे, पण ते ठोस आहे. राज्याच्या सेवांच्या संकेतस्थळांचा पडदा मे ते जुलैत बदलायचा नाही, असा एका ओळीचा नियम करता येईल. नवं रूप आणलं तर जुनं एक हंगाम तरी शेजारी चालू ठेवायचं. चिन्ह कितीही सुबक असलं तरी त्याखालचा मराठी शब्द काढायचा नाही. सरकारी यंत्रांवर नवी विंडोज घालताना त्याच निविदेत कर्मचाऱ्यांना आणि सेवा केंद्रचालकांना एक दिवसाचं पगारी प्रशिक्षण लिहायचं. आणि कुठलाही नवा पडदा चालू करण्याआधी एक दिवस खऱ्या काउंटरवर, खऱ्या रांगेसमोर चालवून बघायचा, १९९५ च्या आधी जसं माणसांना बसवून बघितलं होतं तसा. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना फार मोठी रक्कम. पुढच्या मे महिन्याआधी एक परिपत्रक निघालं तरी पुरे.